गटात कोणी नाही

ही गोष्ट माझ्या सख्ख्या वहिनीच्या बाबतीत घडली आहे. यात मी तिखटमीठ लावलेलं नाही. उलट दोन-तीन गोष्टी गाळल्याच आहेत, कारण त्या लिहायला हात धजावत नाही.

पटली तर पटली. नाही पटली तर माझं काही म्हणणं नाही. पटू नये असंच मला वाटतं.

असलं काही घडतं ते काळोख्या रात्री, सुनसान रस्त्यावर, असं आपण ऐकत आलो आहोत. हे घडलं एका शनिवारी, भर दुपारी. ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर, मागच्या खोलीत. बाहेर डोळे दिपतील असं ऊन होतं. शनिवार म्हणून मजल्यावर दुसरं कोणी आलेलं नव्हतं.

खोलीत वहिनी एकटीच होती.

म्हणजे... तिला तसं वाटत होतं.

आधी वहिनीचं काम सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. वहिनी कर्नलवर काम करते. दादाचं लग्न ठरलं तेव्हा हे ऐकून मला वाटलं, कुठल्यातरी मिशाळ लष्करी साहेबाच्या हाताखाली असेल. मी तिला तसं विचारलंही होतं. अजून घरी पाहुणे आले की दादा तो किस्सा सांगून माझी लाज काढतो.

कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला कारभारी. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, मला यातलं ओ की ठो कळत नाही. वहिनीनेच एकदा नीट समजावलं होतं.

"भाऊजी, असं समजा. इमारतीला पाण्याची टाकी एक, बिऱ्हाडं अनेक. टाकी म्हणजे मेमरी, बिऱ्हाड म्हणजे गट. एकेका गटात चार-पाच कामं चालू असतात. कुठल्या गटाने किती मेमरी घेतली ते कर्नल मोजतो. ती मोजणी नीट व्हावी, हे माझं काम."

"आणि एखाद्याने हद्दीबाहेर घेतलं तर?"

"आधी अडवायचं. नाहीच भागलं, तर त्या गटातलं एक काम उचलायचं आणि मारून टाकायचं. म्हणजे बाकीची जगतात."

हे तिने इतक्या सहज सांगितलं, की मी हसलो.

तिच्या हाताखाली एक जण होता. तिशीतला, हाडकुळा, फुंकर मारली तर उडेल असा. दिवसभर आकडे बघत बसायचा, म्हणून वहिनीने त्याचं नाव ठेवलं होतं मोजणीदार. तोही ते मिरवायचा. दादाच्या घरी दोनदा जेवायला आला होता. चिमणीशी, म्हणजे माझ्या पुतणीशी, त्याची चांगली गट्टी जमली होती.

मागच्या खोलीत टीमचं चाचणीचं मशीन होतं. त्यावर प्रत्येकाचा एक गट. मांडणी टीमसारखीच, वर वहिनीचा गट, त्याच्या पोटात मोजणीदाराचा. वहिनीने आपल्या गटाच्या पोटात आणखी एक छोटा गट बनवला होता, खेळण्यातल्यासारखा. त्याला नाव दिलं होतं 'चिमणी'. ही मंडळी असंच करतात. पोरांची, मांजरांची, वाट्टेल त्याची नावं देतात.

आणि वहिनीने आपल्या स्वतःच्या कामांवर एक खूण करून ठेवली होती. काही झालं तरी यांना मारू नये, अशी. चाचणी सुरू असताना आपलाच स्क्रीन मरू नये म्हणून सगळेच तशी खूण करतात.

तेव्हा त्यात काहीच वावगं नव्हतं.

जाण्याआधीच्या महिन्यात मोजणीदार थकल्यासारखा दिसायला लागला. त्याची खुर्ची त्या वर-खाली होणाऱ्या जातीची. तो बसला की ती हळूहळू खाली जायची. फुस्स... करत. काड्यापेटीएवढा माणूस, आणि खुर्ची पार तळाला. पोरांनी त्याला सळो की पळो करून सोडलं. "लपून काय खातोस रे?" त्याने खुर्ची बदलली.

नवीही खाली जायला लागली.

एक दिवस तो वहिनीच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"मॅडम, माझा गट बघाल जरा? मी आतलं सगळं बंद केलंय. गटात कोणी नाही."

"मग?"

"मग आकडा का चढतोय?"

वहिनी कामात गढलेली होती. म्हणाली, "तूच कुठेतरी चुकला असशील. उद्या बघू."

तो तिथेच घुटमळला. मग हळूच म्हणाला, "कोणीतरी वापरतंय, मॅडम. आणि ते माझ्या नावावर पडतंय." अंग जड झालंय म्हणून तो त्या दुपारी लवकर घरी गेला.

दुसऱ्या दिवशी तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. झोपेतच गेला.

त्यांच्या टीमची एक रीत आहे. कोणी नोकरी सोडून निघालं, की निरोपाच्या दिवशी सगळे मागच्या खोलीत जमतात. जाणाऱ्याने आपला गट आपल्या हाताने पुसायचा. मग टाळ्या, मग चहा. मोजणीदाराचा गट वहिनीने पुसला. सगळे उभे होते. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. वहिनी घरी आली आणि बेसिनपाशी नळ सोडून कितीतरी वेळ रडली. मी त्या दिवशी त्यांच्याकडेच होतो, पाणी प्यायला आत गेलो आणि तसाच मागे फिरलो.

गट पुसला, नाव गेलं. पण मोजणी गेली नाही.

हे नवल नाही, असं वहिनी म्हणते. अंगणात एक सामाईक बादली आहे असं धरा. जो ती पहिल्यांदा भरेल, त्याच्या नावावर पाणी. मग बाकीचे तिच्यात तांब्या बुडवत राहतात. भरणारा बिऱ्हाड सोडून गेला, तरी लोक तांब्या बुडवतायत तोवर त्याची मोजणी बंद करता येत नाही. अशा गटांना ते 'अडकलेले' म्हणतात. त्यांचा आकडा हळूहळू उतरत जातो आणि एक दिवस शून्य होतो.

अडकलेला गट फक्त उतरू शकतो. त्यात नवीन काही भरणार कोण?

मोजणीदाराचा गट चढत होता.

वहिनीने डोकं खाजवलं. कोड पिंजून काढला. साहेबांना दाखवलं, साहेब म्हणाले, "मशीन बंद करून चालू करा की." तिनेही तेच ठरवलं होतं. कारण गट काही डिस्कवर लिहिलेले नसतात. मशीन बंद झालं की पाटी कोरी. चालू झालं की जे गट बनवायला सांगून ठेवलेत, तेवढेच ते पुन्हा बनवतं. मोजणीदाराचा त्यातून कधीच काढला होता.

तिने मशीन बंद केलं. चहा घेऊन आली. चालू केलं.

वहिनीचा गट बनला. पोटात चिमणी बनली.

आणि चिमणीच्या शेजारी... एक बिननावाचा. अडकलेला. आकडा होता तिथूनच पुढे.

इथे दुसऱ्या कोणी मशीनला हात लावायचा सोडून दिला असता. पण वहिनीचा स्वभाव चिवट. शिवाय सोमवारी कर्नलची नवी आवृत्ती बाहेर पडायची होती, आणि अडकलेल्या गटांचा निकाल लावायचा बदल तीच करत होती. बदल साधा होता. गट मेला की त्याचा उरलेला भार त्याच्या वरच्या गटावर टाकायचा, आणि त्याला मोकळं करायचं. वरचा गट जिवंत असतो, त्याला हद्द असते, तो सांभाळून घेतो.

तो शनिवार यासाठीच होता. चिमणीला दादाकडे सोपवून वहिनी दुपारी ऑफिसला गेली.

मागच्या खोलीत मशीनचा पंखा घरघरत होता. मोजणीदाराची खुर्ची तिथेच आणून ठेवलेली. कोणी बसत नव्हतं तिच्यावर. वहिनीने बदल चढवला. आकड्यांची खिडकी उघडून ठेवली. आणि बिननावाच्या गटाकडे बघत बसली.

आकडा थोडा चढला.

मागून आवाज आला... फुस्स.

तिने वळून पाहिलं. रिकामी खुर्ची जरा खाली गेलेली होती.

जुनी खुर्ची आहे, ती मनाशी म्हणाली. पुन्हा स्क्रीनकडे वळली. आकडा चढला.

फुस्स...

या वेळी तिने वळून पाहिलं नाही. वहिनी म्हणते, "भाऊजी, मला माहीत होतं. आकडा चढला की ती खाली जाणार. मी मोजत होते. माझं कामच ते."

खुर्ची तळाला टेकली. टक् असा आवाज झाला.

तरी तिने बदल सुरू केला. भीती तर होतीच. पण तिच्या मनात भीतीपेक्षा मोठं काहीतरी होतं, आणि ते तिने मला सांगितलंय. "तो गेला तरी त्याच्या नावावर कोणीतरी लादतच होतं. मला त्याला सोडवायचं होतं. एकदा तो सांगायला आला, तेव्हा मी उद्या बघू म्हणाले होते."

तिने बटण दाबलं.

बिननावाच्या गटाचा आकडा घसरायला लागला. घसरत घसरत शून्य. मग ती ओळच नाहीशी झाली.

पंखा थांबला. एकाएकी... खोलीत काहीच ऐकू येईना. रस्त्यावरच्या गाड्यासुद्धा नाहीत.

मग मागची खुर्ची वर आली. सावकाश, एखादा माणूस उठल्यावर येते तशी.

वहिनीला रडू फुटलं. सुटला बिचारा, तिला वाटलं. तिने डोळे पुसले, आणि तेव्हा तिची नजर वरच्या ओळीवर गेली. तिच्या स्वतःच्या गटावर. सगळा आकडा तिथे येऊन बसला होता. येणारच होता, तिनेच तसं लिहिलं होतं.

फुस्स...

तिची खुर्ची खाली जायला लागली.

संध्याकाळी ती घरी आली. चिमणी खालीच खेळत होती, धावत येऊन तिच्या कमरेला बिलगली. दोघी लिफ्टमध्ये शिरल्या. दार मिटेना. वजन जास्त झाल्याची घंटा वाजायला लागली.

आठ माणसांची लिफ्ट. आत एक बाई आणि पाच वर्षांची पोर.

वहिनीने मला फोन लावला. माझा धंदाच तो, मी हत्यारं घेऊन गेलो. वजन मोजणारा भाग तपासला. मी स्वतः आत उभा राहिलो, लिफ्ट गुपचूप वर गेली. दादाला घेतलं, चिमणीला घेतलं, तरी गेली. वहिनी आत आली...

घंटा.

"वहिनी, दगड भरून आणलेस की काय पर्समध्ये?" मी म्हटलं. ती हसली नाही. जिन्याकडे वळली. कठड्याला धरून, एकेका पायरीवर थांबत चढली. मी मागून बघत होतो. माझी आई शेवटी शेवटी अशी चढायची.

लिफ्टमध्ये बिघाड नव्हता. हे मी माझ्या धंद्याची शपथ घेऊन सांगतो.

सोमवारी नवी आवृत्ती बाहेर पडली. टीममध्ये कौतुक झालं. इतर कुठल्याही मशीनवर आजवर काही गडबड झालेली नाही, बदल अगदी चोख चालतोय. गडबड होती ती त्या एका मशीनवर. वहिनीच्या गटात तिची स्वतःची दोन-चार किरकोळ कामं, आणि पोटात तो खेळण्यातला चिमणीचा गट. बाकी काही नाही. आणि आकडा चढतोय.

तिने बदल काढून पाहिला. उपयोग झाला नाही. मोजणीदाराचा गटच उरला नव्हता, भार परत जाणार कुठे?

तिने आपल्या गटाची हद्द वाढवली. दोन दिवसांत तीही भरत आली.

आणि बुधवारी सकाळी चिमणी उठली ती रडतच.

"आई, माझ्या अंगावर कोण बसलंय?"

ताप नव्हता. खोकला नव्हता. पण श्वास घेताना पोरीच्या बरगड्या दिसत होत्या. दुपारपर्यंत तिला हॉस्पिटलात न्यावं लागलं. छातीचा फोटो काढला, रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फुप्फुसं स्वच्छ आहेत. दम का लागतोय ते कळत नाही. बघू या."

वहिनी दादाला म्हणाली, "माझा लॅपटॉप आण."

दादा भडकला. "पोरगी तिथे तडफडतेय आणि तुला ऑफिस सुचतंय?"

"आण म्हणते ना!"

तो आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. लॅपटॉप मीच आणून दिला. पलंगाशेजारी स्टुलावर बसून तिने त्या मशीनच्या आकड्यांची खिडकी उघडली. मी तिच्या खांद्यामागे उभा होतो. पुढचं सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

आकडा एका जागी थांबे. मग चढे.

तो चढला की पोरीचा श्वास अडके.

थांबला की ती श्वास घेई.

पुन्हा चढला... पुन्हा अडकला.

"वहिनी," मी म्हटलं, "हे काय आहे?"

ती स्क्रीनवरून नजर न हलवता बोलत होती. भराभर, एखाद्याला काम समजावून द्यावं तशी. "माझा गट भरत आलाय. भरला की कर्नल आतलं एक उचलणार. आत दोघीच आहोत. मी आणि चिमणी. माझ्यावर खूण आहे, मला मारायचं नाही अशी."

मी पुढे वाकलो. "मग ती खूण काढ ना!"

"मघाशीच काढली."

"मग?"

"मग आधी मी जाईन. पण ते जे आहे ते गटातच राहील. आणि आत ती एकटी उरेल." तिचा आवाज तिथे फाटला. "आधी मी, मग ती. तेवढाच फरक पडेल, भाऊजी."

"चिमणीचा गट पुसून टाक!"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझीच शरम वाटली. मोजणीदाराचा गट तिने याच हातांनी पुसला होता.

पलंगावर पोरगी कण्हली. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी ऑक्सिजन लावायला सांगितलं. नर्सची धावपळ सुरू झाली. दादा पोरीचे तळवे चोळत होता. कोणाचंच आमच्याकडे लक्ष नव्हतं.

"एक करता येईल," वहिनी म्हणाली. "तिला बाहेर काढता येईल. सगळ्यात वर एक नवा गट करायचा. कोणाच्याच पोटात नाही असा. आणि चिमणीची कामं तिकडे हलवायची."

"मग कर की! वाट कसली बघतेस?"

"कामं हलतात, भाऊजी. मेमरी हलत नाही. माझ्या हाताखाली असताना तिने माझ्याकडून जे जे घेतलं, ते सगळं माझ्याकडेच राहणार. पलीकडे ती त्यातलं काही न घेता जाईल."

मला तेव्हा कळलं नाही. एखादी तांत्रिक बारकाई असेल असं वाटलं. मी म्हटलं, "राहू दे तुझ्याकडे. पोर तरी वाचेल."

आकडा हद्दीला भिडला होता. पोरीचे ओठ निळे दिसायला लागले.

वहिनी उठली. पलंगापाशी गेली. वाकून तिने चिमणीच्या कपाळाचा मुका घेतला, आणि जरा वेळ तोंड तिच्या केसांत तसंच ठेवलं. मग परत येऊन तिने दोन ओळी टाइप केल्या.

चिमणीने मोठ्ठा श्वास घेतला.

मग आणखी एक. अडथळा नाही, घरघर नाही. नर्सच्या हातातली नळी हातातच राहिली. पोरगी उठून बसली, इकडेतिकडे बघायला लागली. दादा रडत रडत हसत होता. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पुन्हा छाती तपासली आणि खांदे उडवले.

वहिनी स्टुलावरून उठली नाही. तिला उठताच येत नव्हतं.

"बाबा," चिमणी म्हणाली. दादाने तिला उचलून घेतलं. मग तिने मला पाहिलं, "काका!" म्हणून हात हलवला.

मग तिची नजर वहिनीवर गेली. तिथे थोडी थांबली. अनोळखी माणसाकडे बघतात तशी.

आणि ती दादाच्या कानाशी लागली. हळूच बोलली, पण मला ऐकू आलं.

"बाबा... त्या काकू का रडतायत?"

याला आता बरेच महिने झाले. डॉक्टर म्हणतात, धक्का आहे, लहान वय आहे, येईल ताळ्यावर. चिमणीला बाकी सगळं ठाऊक आहे. शाळा, मैत्रिणी, पाढे, कुठला खाऊ कुठल्या डब्यात आहे, सगळं. दादा तिचा बाबा आहे, मी काका आहे. एक बाई तेवढी तिच्यासाठी कोणीच नाही. फोटो दाखवले, तर ती शहाण्यासारखी मान डोलावते. आपण पाहुण्यांच्या अल्बमला डोलावतो तशी.

ती दादाजवळ झोपते. वहिनी बाहेरच्या खोलीत. तिच्याखालचा दिवाण आता मधोमध वाकलाय. वहिनीचं वजन मी स्वतः काट्यावर पाहिलंय, पूर्वीपेक्षा कमीच भरतं. पण लिफ्ट तिला अजून नेत नाही. मी तीनदा तपासली.

ते मशीन मागच्या खोलीत अजून चालू आहे. वहिनी त्याला कोणाला हात लावू देत नाही. साहेब वैतागलेत.

मी तिला एकदा विचारलं, "बंद करून चालू केलं तर?"

"तर जुनी मांडणी परत येईल. माझ्या पोटात चिमणी." तिच्या चेहऱ्यावर क्षणभर असं काही उमटलं, की मला तिथे बघवेना. "ती मला आई म्हणेल, भाऊजी. बहुतेक म्हणेल."

"मग?"

"मोजणीदाराचं ओझंही परत आलं होतं ना. तसं हेही येईल, आणि आत ती असेल."

पुढे मी विचारलं नाही. ती रोज दुपारी मागच्या खोलीत जाते, मशीनसमोर बसते. बटणावर बोट ठेवते, असं तिच्या एका सहकारिणीने मला सांगितलं. मग बोट काढून घेते. आकडा चढतोय का, ते मी विचारत नाही आणि ती सांगत नाही.

परवा रविवारी मी दादाकडे गेलो होतो. वहिनी चिमणीच्या वेण्या घालत होती. आता ती तिला विचारून घालते, "घालू का?" म्हणून. पोरगी गुणी आहे, गप्प बसून घालून घेते. वेण्या झाल्या, रिबिनी बांधून झाल्या. चिमणीने आरशात पाहिलं, वळली आणि म्हणाली, "थँक्यू, काकू."

मग जरा घुटमळली. मनात बऱ्याच दिवसांचं असावं, पण विचारायला संकोच वाटत असावा.

"काकू, तुम्ही तुमच्या घरी कधी जाणार?"

वहिनीने फणीतले केस काढले. त्यांची गुंडाळी करून मुठीत धरली.

"जाईन हं बाळा," ती म्हणाली. "थोडं काम राहिलंय."